वईचा काटा आणि तारेचा काटा

गेल्या वर्षी वैशाखात आम्हांला एका वाटणीच्या बैठकीस बोलावणे आले. आमचा धंदा कामगार संघटनेचा. मालकासमोर बसून कागदावर चार कलमे उतरवून घेणे ही आमची सारी विद्या. पण दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्याची सवय आम्हांला आहे असा लोकांचा समज आहे, आणि त्यामुळे ओळखीच्या घरांतून भावबंदकीचा प्रसंग आला की आम्हांला नेऊन बसवतात. हे घर रत्नागिरीकडचे. दोघे भाऊ. थोरला मुंबईत नोकरीस, धाकटा गावी. घराची वाटणी झाली होती, भांड्यांची झाली होती, कर्जाचीही झाली होती. राहिली होती ती घरामागची वीस गुंठ्यांची वाडी. नारळ, पोफळी, दोन फणस, मधोमध विहीर, आणि विहिरीच्या कडेने आईने लावलेली अबोली व जास्वंद.

रेघ कोठून जायची याविषयी तंटा नव्हता. मोजणी होऊन खुंट्या मारल्या गेल्या होत्या. तंटा होता तो त्या रेघेवर काय उभे करायचे याचा. थोरल्याचे म्हणणे, सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. दोन दिवसांत काम आटोपते, जागा अडत नाही आणि पुढे बघावे लागत नाही. धाकट्याचे म्हणणे, कोयनेलची वई घालू. तीन वर्षे लागतील, पण डोळ्यांना बरी दिसेल, गुरांच्या अंगाला ओरखडे येणार नाहीत.

"तुझी वई दरवर्षी वीतभर माझ्याकडे सरकणार," थोरला म्हणाला.

"मग दादा, तू दरवर्षी ये आणि छाट. त्या निमित्ताने तरी येशील," धाकट्याने उत्तर दिले.

दोन तास असे गेले. आई पडवीत बसून वाटाणे सोलत होती, ती एक अक्षर बोलली नाही. आम्ही तोडगा न काढताच परतलो, आणि आमचे कॉलेज म्हणजे नगर वाचनालय, तेथे जाऊन कुंपणाविषयी मिळेल ते वाचीत बसलो. जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण या क्षुल्लक गोष्टीपायी माणसे फासावर गेली आहेत, हे आरंभीच सांगून ठेवतो.

जुन्या इंग्लंडातील पुष्कळ खेड्यांत शेताभोवती कुंपण नसे. गावची जमीन मोठ्या उघड्या मळ्यांत असे. त्यात प्रत्येकाच्या अरुंद पट्ट्या इकडे-तिकडे विखुरलेल्या. पीक निघाले की सगळ्या गावाची गुरे त्या मळ्यात चरत. शिवाय गायरान होते, झुडपांचे माळ होते. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही असा मजूरही तेथे एखादी गाय चारी, सरपण आणी, बदके पाळी. मग लोकरीला भाव आला. मोठ्या जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या, आणि त्यांनी गायरानाला वई घालण्यास सुरुवात केली. वई घातली म्हणजे गाय बाहेर राहिली, आणि गाय बाहेर राहिली म्हणजे मजुराच्या घरचे दूध संपले.

१५४९ सालच्या जुलैत नॉरफक परगण्यातील विंडम या गावी लोक उठले आणि वया उपटीत निघाले. त्यांनी फ्लॉवरड्यू नावाच्या एका वकील जमीनदाराची कुंपणे गाठली. या गृहस्थाने त्यांना पैसे दिले आणि म्हटले, माझी राहू द्या, त्या केटची उपटा. रॉबर्ट केट हा फ्लॉवरड्यूचा जुना वैरी. धंद्याने चामडे कमावणारा, बऱ्यापैकी जमीन राखून असलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. जमाव त्याच्या दारी आला. त्याने त्यांचे म्हणणे ऐकले आणि ते खरे आहे असे कबूल केले. मग तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला आणि आपल्या हातांनी आपलीच वई उपटू लागला. तेथून तो त्यांचा पुढारी झाला.

आम्ही तीस वर्षे संघटनेत घालवली. मागण्या मान्य करणारे मालक आम्ही पाहिले आहेत, पण मागण्या ऐकून मोर्च्याच्या पुढे जाऊन उभा राहिलेला मालक पाहिला नाही. त्यामुळे या केटविषयी आम्हांला फार वाटते. नॉरिच शहराबाहेरच्या माळावर त्याने सुमारे सोळा हजार लोकांची छावणी उभारली. ऑगस्टअखेर सरकारी फौजेने ती मोडली. ७ डिसेंबर १५४९ रोजी रॉबर्टला नॉरिचच्या किल्ल्याच्या भिंतीवर आणि त्याचा भाऊ विल्यम यास विंडमच्या देवळाच्या मनोऱ्यावर टांगण्यात आले. दोघे भाऊ, एकच दिवस, आणि कारण वई. चारशे वर्षांनी, १९४९ साली, त्याच किल्ल्यावर केटच्या सन्मानार्थ एक शिळा बसवण्यात आली.

केट गेला आणि वया वाढतच राहिल्या. पुढे तर त्या कायद्याने आल्या. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, अशी बांधून टाकली. येथे आमच्या मूळ प्रश्नाचा धागा लागतो. कायद्याने तुम्हांला तुकडा मिळाला की ठरावीक मुदतीत त्याला कुंपण घालणे तुमच्यावर बंधनकारक असे. कुंपण म्हणजे हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाची रोपे. पण कोवळी रोपे मेंढ्या खाऊन टाकतात. म्हणून ती वाढेपर्यंत त्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी खांब-दांड्यांचे दुसरे कुंपण घालावे लागे. म्हणजे एका वईसाठी दोन कुंपणे! मोठ्या जमीनदाराला हा खर्च जाणवत नसे. चार एकरांच्या धन्याला तो झेपेना, आणि मिळालेला तुकडा विकून तो मजुरीला लागे. मजुरी कसली, तर पुष्कळदा दुसऱ्याची वई लावण्याची. जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी आपले गाव कुंपणांनी तुकडे तुकडे झाल्याबद्दल जन्मभर हळहळला. पण पोटासाठी त्याच कुंपणांच्या कामावर त्यालाही जावे लागले होते.

आज त्याच वया इंग्रजांना प्राणप्रिय आहेत. जुनी वई परवानगीवाचून उपटू नये असे नियम तेथे १९९७ साली झाले. पक्षी, ससे, रानफुले यांचे त्या घर बनल्या आहेत. वईला वय आले की तिचा गुन्हा लोक विसरतात. तारेचे तसे होत नाही. तार म्हातारी झाली की गंजते, एवढेच.

तर आता तारेकडे येऊ. तिची जन्मभूमी अमेरिका, आणि तेथेही तिच्याआधी वईच होती.

मिसिसिपी नदीच्या आसपास आणि तिच्या पश्चिमेस जे गवताळ माळ पसरले आहेत, तेथे शेतकरी गेले तेव्हा त्यांच्यापुढे एकच अडचण उभी राहिली. पूर्वेकडे जंगल तोडून शेत करायचे, आणि तोडलेल्या लाकडाचेच कुंपण घालायचे अशी रीत. येथे झाडच नाही. दगडही नाही. आणि गुरे तर मोकळी. अमेरिकेच्या कृषिखात्याने १८७१ साली देशातील कुंपणांचा हिशेब केला, तेव्हा त्यांची किंमत जवळजवळ राष्ट्रीय कर्जाच्या घरात जाते असे त्यात निघाले. घरापेक्षा कुंपण महाग, अशी स्थिती.

इलिनॉय राज्यात जॅक्सनव्हिल येथे जोनाथन टर्नर नावाचे एक प्राध्यापक होते. शेतकऱ्याला कुंपण मिळाल्याशिवाय माळावर वस्ती टिकणार नाही आणि वस्तीशिवाय शाळा निघणार नाही, असे त्यांचे मत. निरनिराळी झुडपे लावून पाहता पाहता १८४० नंतरच्या दशकात त्यांनी 'ओसेज ऑरेंज' या झाडाचा पुरस्कार सुरू केला. नाव संत्र्याचे असले तरी हे झाड आपल्या फणसाच्या आणि तुतीच्या कुळातले. काटे दणदणीत. जवळ जवळ लावून छाटीत गेले म्हणजे त्याची अशी भिंत होते की घोडा ओलांडणार नाही इतकी उंच, बैल मोडणार नाही इतकी भक्कम, आणि डुक्कर शिरणार नाही इतकी दाट. तिकडच्या शेतकऱ्यांत हे बोल म्हणीसारखे झाले. या झाडाच्या चिवट लाकडाची ओसेज लोक धनुष्ये करीत. ते त्या मुलुखाचे मूळ रहिवासी. धनुष्याचे लाकूड गोऱ्या शेतकऱ्याच्या कुंपणाला लागले, आणि ज्यांचे नाव झाडाला दिले त्या ओसेज लोकांना १८७० नंतरच्या वर्षांत कॅन्ससमधली उरलीसुरली जमीन सोडून दक्षिणेकडे जावे लागले.

ही वई हजारो मैल लागली. पण तिची दुखणी धाकट्या भावाने ऐकावीत अशी आहेत. गुरे अडवण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षे लागत. दरसाल छाटणी करावी लागे, नाही तर तिचे झाड होई आणि खाली भोके पडत. शेजारच्या ओळीतील पिकाचा ओलावा ती ओढून घेई. उत्तरेकडच्या थंडीत करपे. आणि एकदा लावली की हलवता येत नसे. ज्या कुटुंबाचे पहिले पीकच शेजाऱ्याच्या गुरांनी खाल्ले, त्याने चार वर्षे थांबायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर इलिनॉयमधील डीकॅल्ब या लहानशा गावी निघाले. १८७३ साली तेथील जत्रेत हेन्री रोझ नावाच्या शेतकऱ्याने एक लाकडी पट्टी मांडली होती; तिला अणकुचीदार टोके बसवलेली होती. ती तारेवर लटकवायची म्हणजे गुरे टोचून मागे सरतात. तिघांनी ती पाहिली: शेतकरी जोसेफ ग्लिडन, लाकडाचा व्यापारी जेकब हेश, आणि लोखंडी सामानाचा दुकानदार आयझॅक एलवुड. तिघांच्याही मनात एकच विचार आला, की पट्टी कशाला, काटे तारेलाच बसवावेत. ग्लिडन साठीचा होता. कॉफी दळण्याच्या हातगिरणीत फेरफार करून त्याने तारेचे काटे वळवले, आणि ते जागचे हलू नयेत म्हणून दुसरी तार पहिलीभोवती पिळली. बायकोच्या फुलझाडांत जनावरे शिरत म्हणून त्याने हा खटाटोप आरंभला असे सांगतात. तसे असेल तर जगातील पहिली खरी काटेरी तार एका घरच्या बागेपायी जन्मली म्हणायची. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळाले.

हेशने पुढे सांगितलेली हकीगत आम्हांला अधिक बोलकी वाटते. तो ओसेज ऑरेंजचे बी विकीत असे. त्याच्या मनात आधी असे होते की ही वई वाढवावी, मग तिच्या काटेरी फांद्या तोडून साध्या तारेच्या कुंपणात विणाव्यात. म्हणजे तारेचा काटा हा वईच्या काट्याचीच लोखंडी नक्कल. झाडाला काटा यायला लागणारी चार वर्षे तेवढी त्यातून वजा झाली.

पुढचा पसारा कारखानदारीचा आहे, आणि तो आमच्या परिचयाचा. १८७४ साली दहा हजार पौंड तार तयार झाली. १८८० साली तो आकडा आठ कोटी पौंडांवर गेला. शंभर पौंडांची किंमत वीस डॉलरवरून १८९७ पर्यंत दोन डॉलरच्याही खाली आली. मॅसॅच्युसेट्समधील वॉशबर्न अँड मोएन या तारेच्या कारखान्याने १८७६ साली ग्लिडनचा निम्मा हिस्सा साठ हजार डॉलर व प्रत्येक मालावर मानधन देऊन विकत घेतला. पेटंटावरून वर्षानुवर्षे खटले चालले आणि १८९२ साली वरिष्ठ न्यायालयाने ग्लिडनच्या बाजूने कौल दिला. सगळे कारखाने १८९९ मध्ये एका कंपनीत गोळा झाले, आणि १९०१ साली ती कंपनी युनायटेड स्टेट्स स्टील या पोलादी साम्राज्यात विलीन झाली. जोनाथन टर्नरच्या वईचे बी कोणीही गोळा करू शकत होता, शेजाऱ्याला ओंजळभर देऊ शकत होता. तार मात्र विकतच घ्यावी लागे.

गरीब शेतकऱ्याला तिने आधार दिला हे नाकारू नये. चार तारा ओढल्या की त्याच वर्षीचे पीक वाचे. परंतु ज्याच्याजवळ पैसा जास्त त्याची तारही लांब. टेक्ससमध्ये बड्या गुरेवाल्यांनी हजारो एकर वेढून टाकले; त्यात सरकारी जमीन आली, लहानांची शेते आली, पाणवठे आले, रस्तेही आले. टेक्ससच्या राजधानीची इमारत बांधून देण्याच्या मोबदल्यात एका मंडळीला तीस लाख एकर मिळाले आणि त्यांनीही तारच ठोकली. १८८३ साली दुष्काळ पडला. गुरे तारेच्या अलीकडे, पाणी पलीकडे. तेव्हा लोक रात्री टोळ्यांनी निघून तारा तोडू लागले. केटच्या लोकांनी वया उपटल्या होत्या. या लोकांच्या हातात पक्कड होती.

त्याच वर्षी त्याच राज्याच्या उत्तर टोकाला गुराख्यांनी संप केला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सिनेमात गुराखी पिस्तूल झाडताना दिसतो; मागणीपत्रावर सही करताना कधी दिसत नाही. चोवीस जणांनी सही केली. महिना पन्नास डॉलर ही मागणी. माळ मोकळा होता तेव्हा गुराख्याला स्वतःची चार गुरे बाळगून मालकांच्या गुरांत चारता येत असत. मोठ्या कंपन्या आल्या, त्यांनी ती मुभा काढून घेतली आणि केवळ पगार शिल्लक ठेवला. पगारी माणूस झाला तेव्हाच त्याला संप सुचला. हा संप फसला. नवी माणसे मिळाली आणि जुन्यांना काढून टाकण्यात आले.

१८८४ च्या जानेवारीत टेक्ससच्या विधिमंडळाची खास बैठक भरली. तार तोडणे हा तुरुंगवासाचा मोठा गुन्हा ठरला. दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन वेढणे हाही गुन्हाच, पण किरकोळ. त्याबरोबर एक कलम असे आले की वाटेवर कुंपण आल्यास दर तीन मैलांवर फाटक ठेवले पाहिजे. हे फाटकाचे कलम आम्ही लक्षात ठेवले.

आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. टेक्ससच्या उत्तरेला गुरेवाल्यांनी दोनशे मैल लांबीची एक तार आडवी घातली होती. उत्तरेकडची गुरे हिवाळ्यात खाली सरकू नयेत म्हणून. १८८५-८६ च्या हिवाळ्यात हिमवादळ आले. गुरे नेहमीप्रमाणे वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेस चालू लागली आणि त्या तारेपाशी अडली. हजारोंनी तेथेच एकमेकांवर रेलून गोठली. वई असती तर निदान आडोसा झाला असता, असे आमच्या मनात येते.

पण वईचा असा कैवार घेण्याआधी आपल्या देशातली वई पाहिली पाहिजे. ग्लिडन कॉफीच्या गिरणीत काटे वळवीत होता, पुण्यात न्यायमूर्ती रानडे वसंत व्याख्यानमाला सुरू करण्याच्या बेतात होते, त्याच सुमारास हिंदुस्थानात जगातील बहुधा सर्वांत लांब वई उभी होती, आणि ती माणसांना मीठ मिळू नये म्हणून होती.

उत्तर हिंदुस्थानात इंग्रज सरकार मणाला तीन रुपये मिठावर कर घेई. महिन्याला तीन-चार रुपये मिळवणाऱ्या मजुरास हा आकडा काय वाटत असेल ते पाहा. पश्चिमेस राजपुतान्याच्या संस्थानांत सांभर सरोवराचे मीठ स्वस्त, आणि मुंबई इलाख्यातही कर बराच कमी. तेव्हा स्वस्त मीठ महाग मुलुखात शिरू नये म्हणून सरकारने देशावर एक आडवी रेघ ओढली. १८६९ सालापर्यंत ही जकातीची रेघ सिंधू नदीपासून ओरिसाकडच्या महानदीपर्यंत, सुमारे २,३०० मैल झाली होती, आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे पहारा करीत होती. आग्र्याजवळून, झांशीकडून ती खाली येई आणि बुऱ्हाणपुरास पोचे. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाचा उंबरठाच.

प्रारंभी या रेघेवर सुके काटे रचीत. १८६७ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे जकातीचे आयुक्त झाले. हेच गृहस्थ पुढे १८८५ साली मुंबईस काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते. ह्यूमसाहेबांपुढे हुबेहूब आमच्या दोन भावांचाच प्रश्न आला: मेलेले कुंपण की जिवंत? त्यांनी हिशेब केला. सुक्या काट्यांना मैलामागे २५० टन माल लागतो. तो दुरून आणावा लागतो. आणि वाळवी, वणवा, वादळ व कुजणे यांनी त्यातला मोठा भाग दरसाल जातो. म्हणून त्यांनी जिवंत वईचा निश्चय केला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, ज्या मातीत जे येईल ते. माती वाईट असेल तेथे चर खणून बाहेरची माती भरली. वई बुडू नये म्हणून बांध घातले, जगवण्यासाठी पाणी दिले. दहा-बारा फूट उंच आणि तितकीच जाड अशी ती शेकडो मैल वाढली. माळीकाम म्हणून पाहिले तर याला तोड नाही. ज्याने हे केले तो मनुष्य पक्ष्यांचा नामांकित अभ्यासक होता, झाडांचा जाणकार होता, आणि दुष्टही नव्हता. तरीही ही वई दुष्टच होती.

लोकांनी काय केले? रात्री वईवरून मिठाच्या पिशव्या पलीकडे फेकल्या. उंट घुसवले. पहारेकऱ्यांशी मारामाऱ्या केल्या. पहारेकरी बहुतेक आपलेच गरीब लोक. शेतमजुरीपेक्षा थोडा बरा पगार म्हणून आलेले. त्यांतले कित्येक पैसे घेऊन वाट देत. कुंपणच शेत खाते ही म्हण आपण नेहमी वापरतो, पण येथे ते कुंपण शेताच्या रक्षणासाठी नव्हतेच, तेव्हा त्याने खाल्ले तर कोणाचे गेले, असे आम्ही विचारू.

ही वई कोणी उपटली नाही. सरकारने १८७० साली सांभर सरोवर भाड्याने ताब्यात घेतले, इतर संस्थानांशीही करार केले. मीठ जेथे पिकते तेथेच कर बसवला म्हणजे मध्ये रेघ हवीच कशाला? १ एप्रिल १८७९ पासून जकातीची रेघ उठली. हे ऐकून आपणांस बरे वाटेल. पण रेघ उठवायची तर दोन्ही बाजूंचा कर सारखा करावा लागणार होता. त्यासाठी बंगालचा थोडा उतरवला, आणि मुंबई व मद्रास इलाख्यांचा मणाला १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर चढवला. केव्हा, तर दख्खनेत १८७६ ते ७८ चा महादुष्काळ चालू असताना. वई उत्तरेत होती आणि तिच्या मोडणीचा खर्च आमच्या कोकणातल्या आणि देशावरच्या पेजेवर पडला. मिठावरचा कर पूर्णपणे जायला १९४७ साल उजाडावे लागले.

त्या वईचे पुढे काय झाले? रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रजाने, जो लंडनच्या एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करी, एका जुन्या पुस्तकाच्या टिपेत तिचा उल्लेख वाचला आणि तिच्या शोधात तो भारतात आला. बहुतेक ठिकाणी काही उरले नव्हते. शेतकऱ्यांनी काटे तोडून सरपणाला नेले होते, आणि जेथे बांध होता तेथून रस्ते झाले होते. अखेर १९९८ साली उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात त्याला बांधाचा एक तुकडा व त्यावरची काटेरी झाडे सापडली. जवळपासच्या पुष्कळांना ती झाडे तेथे कशी आली हे ठाऊकही नव्हते.

एवढे वाचून आम्ही यंदा मार्चमध्ये पुन्हा त्या घरी गेलो. दोघांना ही सारी कथा सांगितली. थोरल्याने अमेरिकेची तार ऐकून मान डोलावली आणि धाकट्याने ह्यूमचे माळीकाम ऐकून. याचा अर्थ आमच्या सांगण्याचा काही उपयोग झाला नव्हता. मग आम्ही टेक्ससचे कलम काढले आणि विचारले, फाटक कोठे ठेवणार? विहीर एकाच्या हिश्शात आणि पाण्याचा हक्क दोघांचा, असे वाटणीपत्रात आहे. दोघेही गप्प झाले. गेल्या वर्षभरात रेघेचा विचार दोघांनी पुष्कळ केला होता, वाटेचा कोणीच केला नव्हता.

तेव्हा पडवीतून आई प्रथमच बोलली. "विहिरीपाशी वाट सोडा. घागरी घेऊन दोघी समोरासमोर आल्या तरी अंग चोरायला लागू नये एवढी. आणि तिला कडी नको."

त्यापुढचे काम आमच्या सवयीचे होते. कलमे अशी ठरली: मृगाच्या पावसावर कोयनेलची कलमे लावावीत, रेघेच्या दोन्ही अंगांना दीड-दीड फूट जागा वईसाठी सोडावी, म्हणजे ती कोणाकडे सरकली हा वाद राहणार नाही. छाटणी वर्षातून दोनदा. गणपतीला आलेला थोरला एक करील, होळीच्या सुमाराची धाकटा. शेळ्यांनी कोवळी पाने खाऊ नयेत म्हणून, इंग्लंडातल्या त्या लाकडी कुंपणाप्रमाणे, पहिली तीन वर्षे बाहेरून तार राहील. तिचा खर्च थोरल्याने आनंदाने पत्करला. विहिरीपाशी पाच फुटांची वाट, कडीशिवाय. दोघांनी सह्या केल्या, आईने अंगठा न देता सही केली आणि आम्ही साक्षीदार झालो.

एसटीत बसल्यावर कागद पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की तिसऱ्या वर्षी ती तार कोणी काढायची हे त्यात लिहायचे राहून गेले आहे.